बेचाळीस माणसं आणि पाच वाजताचं झाड

“अंकल, खाली ठेवा ते. ते टेबल माझं आहे, अंकल!”

गळ्यात ऑफिसचा पास लटकवलेला एक तरुण बेंबीच्या देठापासून ओरडत होता. त्याच्यामागे तसलेच आणखी सात-आठ पासवाले हातात वाफाळत्या सूपचे ट्रे धरून, बसायला जागा नाही म्हणून या पायावरून त्या पायावर होत होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध माझे सासरे उभे होते. छातीशी टिश्यूपेपरच्या पाकिटांचा ढीग, काखेत दोन परक्या छत्र्या आणि चेहऱ्यावर कर्तव्य बजावल्याचं तेज.

“गडबड करू नका,” ते त्या चिनी पोरांना शुद्ध मराठीत सांगत होते. “ज्याचं जे राहिलंय त्यानं एकेक करून पुढं यायचं. वस्तू ओळखायची आणि घेऊन जायची.”

चूक माझी होती. सिंगापुरात बुओना व्हिस्टाला माझ्या ऑफिसजवळच हे हॉकर सेंटर आहे. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नासेक खाण्याचे गाळे आणि मधे जमिनीत रोवलेली टेबलं. दुपारी बाराच्या गर्दीत तिथे जागा धरायची एक रीत आहे. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. ते पाकीट म्हणजे सातबाराचा उतारा. पाच डॉलरचा कागद हवेत उडत आला तर कुणी उचलेल एकवेळ, पण टेबलावरच्या पाकिटाला हात लावणारा माणूस या बेटावर जन्मलेला नाही. आठ वर्षांत मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सासऱ्यांना सांगायचं राहूनच गेलं.

आणि सासऱ्यांनी एकतीस वर्षं मराठी माणसांच्या टूर नेलेल्या. जिथून उठायचं तिथली टेबलं, खुर्च्या, खिडक्यांचे कठडे नजरेनं झाडून काढायचे आणि लोकांचे चष्मे, कवळ्या, गुडघ्याचे पट्टे गोळा करून बसमध्ये वाटायचे, ही त्यांच्या हाताची सवय. मी उसाचा रस आणायला गेलो, तेवढ्यात त्यांनी अर्धं हॉकर सेंटर झाडून घेतलं होतं. एकोणीस पाकिटं होती. बायको अकरा म्हणते, पण ती तिथे नव्हती.

आमच्या गाइड आंटी मात्र बसल्या जागेवरून हलल्या नव्हत्या. सिंगापुरात वयानं मोठ्या कुठल्याही बाईला आंटी म्हणतात, तशा या आंटी. पासष्टीच्या, चणीनं आमच्या देवघरातल्या समईएवढ्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशाला गाइडचा परवाना. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अंकल, खांबाजवळचं टेबल. निळं पाकीट, कोपरा फाटलेला.”

सासरे गपकन थांबले. ओरडणारा पोरगाही थांबला, कारण आंटींचं बोलणं ऐकू यायला थांबावंच लागत असे.

“त्याच्या डावीकडे, फुलांचं चित्र असलेलं. पंख्याखाली दोन, एकावर एक. काळी छत्री फळांच्या गाळ्यासमोर, लाल छत्री भिंतीकडे.”

आंटी सांगत गेल्या आणि सासरे शाळेतल्या मुलासारखे एकेक पाकीट जागच्या जागी ठेवत गेले. एकही चुकलं नाही. शेवटचं पाकीट ठेवलं गेलं तेव्हा त्या पासवाल्यांतल्या एकानं टाळ्या वाजवल्या. आंटींनी सासरे पहिलं पाकीट उचलत होते तेव्हापासून सगळं पाहिलं होतं.

“मग थांबवलं का नाही?” सासऱ्यांनी घाम पुसत विचारलं. त्यांचं इंग्रजी टूरवर घडलेलं, म्हणजे व्याकरण गेलं खड्ड्यात पण जगात कुठेही अडायचं नाही.

“तुम्ही कुठवर जाता ते बघायचं होतं,” आंटी म्हणाल्या. “काळजी फार घेता, अंकल. सामानाची का माणसांची, ते अजून कळलेलं नाही.”

जगात सासऱ्यांना असं बोलून जिवंत राहिलेली ही दुसरी व्यक्ती. पहिली माझी सासू. ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

आता हे दोघं एका टेबलावर आले कसे, ते सांगायला हवं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणतो. तर बाबा म्हणजे मराठी टूरच्या जगातलं मोठं प्रस्थ. पॅरिसमध्ये साबुदाण्याची खिचडी, स्वित्झर्लंडच्या बर्फात मेतकूट-भात, बसमधल्या सीट रोज एकेक रांग मागे सरकवायच्या म्हणजे पुढच्या सीटवरून भांडणं होत नाहीत, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. भगव्या छत्रीचं टोक वर धरून “चला चला चला” म्हणत ते निघाले की वाटेतल्या दुसऱ्या देशांच्या टूरसुद्धा चार पावलं त्यांच्यामागे चालत, असं ते सांगतात, आणि मी त्यात काही वाढवत नाही.

मग ओसाका झालं.

ओसाकाच्या किल्ल्यावरून बस निघाली तेव्हा बाबांनी नेहमीप्रमाणे डोकी मोजली. चव्वेचाळीस. बरोबर. फक्त त्यांतलं एक डोकं जपानी होतं. आमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी एका म्हाताऱ्या जपानी गृहस्थाला हौसेनं कंपनीची टोपी दिली होती आणि तो गृहस्थ टोपी घालून, एसीच्या गारव्याला, शेवटच्या सीटवर निवांत झोपला होता. आणि त्याच्याऐवजी आपले नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी किल्ल्यावर राहिले होते. पुढच्या थांब्यावर हे कळलं तेव्हा बाबांनी वकिलातीपासून अग्निशमन दलापर्यंत सगळीकडे फोन केले. संध्याकाळी सात वाजता ते काका हॉटेलात आले. गाल लालबुंद, केस ओले, हातात भाजी चिरायची सुरी, कागदात गुंडाळलेली. किल्ल्यावर त्यांना एक स्थानिक गाइड भेटला होता, एकट्या-दुकट्याला शहर दाखवणारा. त्यानं काकांना आठ तास ओसाका दाखवलं. भांड्यांची आळी, एका माणसापुरती गल्ली, खडखडणारी ट्रॅम, सार्वजनिक न्हाणीघर. टूरच्या शेवटी कंपनी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेते. त्यात काकांनी लिहिलं, “संपूर्ण टूरमधला सर्वांत सुंदर दिवस: मी हरवलो तो.”

कंपनीनं बाबांना सांगितलं, थोडी विश्रांती घ्या. त्या विश्रांतीला दोन वर्षं झाली होती. माणूस हरवल्याचं बाबांना दुःख होतंच, पण तो आनंदात सापडला हे त्यांना अजिबात सहन झालं नव्हतं. ‘प्रायव्हेट गाइड’ हा शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

क्लेमेंटीला आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना महिना झाला होता. कामाची सवय अशी की सकाळी सहाला आम्हाला उठवायचे, सातला नाश्ता, आठला “निघायचं” म्हणून दारात उभे. निघून जायचं कुठे, तर मी ऑफिसला आणि बायको तिच्या बँकेत. मग ते खालच्या बसस्टॉपवर उभे राहून बसमध्ये चढणारी माणसं मोजत. संध्याकाळी आकडा सांगत.

आणि एका मंगळवारी कंपनीच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. शुक्रवारी बेचाळीस जणांचा ग्रुप सिंगापूरला येतोय, तीन दिवसांसाठी, आणि टूर मॅनेजरला कावीळ झाली आहे. बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तिथेच आहात म्हणून विचारते. हे नीट पार पडलं तर पुढचं बघू. नाही पडलं तर मग आपण थांबू.”

“सिंगापूर? माझ्या तळहातावर आहे,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “जावईबापू, तो पाणी ओकणारा सिंह पुलाच्या अलीकडेच आहे ना अजून?”

तो सिंह तिथून उचलून दुसरीकडे नेल्याला वीसेक वर्षं झाली होती. मलासुद्धा क्लेमेंटी ते बुओना व्हिस्टा या दोन स्टेशनांपलीकडचं सिंगापूर, खरं सांगतो, पाहुण्यांना दाखवण्यापुरतंच ठाऊक. ग्रुपबरोबर कायद्यानं परवान्याचा लोकल गाइड असतोच, पण तो इंग्रजीत माहिती सांगून मोकळा. बेचाळीस मराठी माणसं सांभाळणं आणि त्यांना शहर रंगवून सांगणं, हे बाबांचं काम. आणि हा त्यांचा शेवटचा चान्स.

ऑफिसातल्या एकाकडून मी आंटींचा नंबर मिळवला आणि बाबांना थाप मारली. म्हटलं, “माझ्यासाठी एक गाइड बोलावलीय, बुधवारी. पाहुणे आले की मला काही सांगता येत नाही. तुम्ही सोबत चला. ती कुठे चुकली तर तिला सांगा.”

“प्रायव्हेट?” बाबांच्या भुवया चढल्या.

“प्रायव्हेट.”

“चुका काढायला येतो,” ते म्हणाले.

आंटी पासिर रिसहून येणार होत्या, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून, तासभर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून. साडेनऊ म्हणाल्या होत्या आणि साडेनऊला क्लेमेंटी स्टेशनच्या दारात उभ्या होत्या. बाबा भगवी छत्री घेऊन आले होते. शिट्टी बायकोनं काढून घेतली होती.

“एका वेळी किती माणसं नेता?” बाबांनी सलामीलाच विचारलं.

“दोन. तीन आली तर एकाला घरी पाठवते.”

“मी चव्वेचाळीस नेतो.”

“आणि परत किती आणता?” आंटींनी सहज विचारलं. त्यांना ओसाकाचं काय ठाऊक. पण बाबांची छत्री हातभर खाली आली.

त्यानंतर आंटी चालायला लागल्या. मागे वळून एकदाही बघितलं नाही. आणि बोलायला लागल्या, तेही अशा आवाजात की चार पावलं मागे राहिलात तर वाक्याचा शेवट हुकला. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. त्यांचा आवाज लांब जायचा नाही, माणसालाच जवळ यावं लागायचं. बाबा आधी ऐटीत दहा फूट मागे होते. पहिल्या सिग्नलपर्यंत पाच फुटांवर आले. दुसऱ्या सिग्नलला ते माझ्या पायावर पाय देऊन पुढे गेले.

आमच्याच बिल्डिंगच्या मागे एक भलंमोठं झाड आहे, रस्त्यावर छत्रीसारखं पसरलेलं. रेन ट्री. पुण्यात कॅम्पात अशी ओळीनं होती. आंटी त्याच्याखाली थांबल्या.

“जुनी मलय माणसं याला पाच वाजताचं झाड म्हणतात,” त्या म्हणाल्या. “का, ते सांगा.”

“पाच वाजता फुलत असेल,” बाबा म्हणाले.

आंटी वळल्या. चालायला लागल्या.

ही त्यांची काम करायची पद्धत होती. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुढच्या ठिकाणी द्यायचं. इमारतींच्या तळमजल्यावर घरं का नाहीत, नुसते खांब आणि मोकळी फरशी का? उत्तर दोन चौक पुढे मिळालं. एका इमारतीखाली मलय लग्नाचा मांडव पडत होता, हिरव्या-सोनेरी पडद्यांचा, आणि तिथून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीखाली एका चिनी आजोबांना शेवटचा निरोप द्यायला माणसं गोल टेबलांभोवती शेंगदाणे सोलत बसली होती. “वर प्रत्येकाचं घर वेगळं,” आंटी म्हणाल्या. “लग्न आणि मयत खाली, सगळ्यांच्या फरशीवर.” आठ वर्षं मी रोज त्या खांबांमधून शॉर्टकट मारत होतो. मला वाटायचं, इथे पार्किंग करणार होते आणि पैसे संपले.

बाबा चुका काढायला आले होते ते विसरले. मंडईत मासे विकणाऱ्या बाईनं बोटांच्या खुणांनी भाव केलेला त्यांनी टिपून घेतला. सातव्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या वाळत घालायच्या बांबूंखाली ते मान वर करून इतका वेळ उभे राहिले की वरच्या बाईनं घाबरून कपडे आत घेतले. मग दुपारी ते हॉकर सेंटर आणि ती एकोणीस पाकिटं. तिथून उठताना बाबांनी टेबलाकडे नजर टाकली, हात मागे बांधले आणि तसेच बाहेर आले. त्यांचं हे असं मी पहिल्यांदा पाहिलं.

झाडाचा प्रश्न मात्र आंटींनी सोडवला नव्हता. बाबा दर तासाला एक उत्तर द्यायचे. पाच वाजता पक्षी येतात. पाच वाजता सावली बरोबर तेवढी पडते. पाच वाजता ऑफिस सुटायचं म्हणून. आंटी मान हलवायच्या, हो म्हणून का नाही म्हणून, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

शेवटी आंटींनी आम्हाला त्यांच्या गावात नेलं, पासिर रिसला, समुद्राकाठच्या बागेत. तिथेही तसंच एक झाड होतं. खाली बाक. पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बसलो. पाच वाजले. झाडानं काही केलं नाही.

“पाच वाजून सात मिनिटं,” बाबा मोठ्या समाधानानं म्हणाले. “चुकलात, आंटी.”

“थांबा,” आंटी म्हणाल्या आणि त्यांनी थर्मासमधून तिघांना चहा ओतला.

बाबांना थांबायची सवय नव्हती. टूर मॅनेजर म्हणजे मिनिटाला मिनिट लावलेला माणूस. पंधरा मिनिटं त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं. आणि मग कुणी विचारलं नसताना त्यांनी आंटींना ओसाका सांगितलं. टोपीवाल्या म्हाताऱ्यापासून अभिप्रायाच्या फॉर्मपर्यंत सगळं. आणि शुक्रवारी येणारा ग्रुपही सांगितला, आणि ऑफिसातल्या बाई काय म्हणाल्या तेही. आंटींनाही मी तीच थाप मारली होती, ती तिथेच फुटली. आंटींनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

“तो माणूस ओसाकात काय काय बघून आला,” त्यांनी विचारलं, “ते त्यानं तुम्हाला सांगितलं?”

“तो सांगत होता. मी फोनवर होतो.”

“नंतर?”

“नंतर मी त्याच्याशी बोललो नाही,” बाबा म्हणाले. मग कप बाकावर ठेवत म्हणाले, “ओसाका मी अकरा वेळा दाखवलंय. किल्ल्याच्या आत एकदाही गेलो नाही. मी खाली बसजवळ असायचो. मोजत.”

आंटींनी नुसतं वर बोट केलं.

साडेसहा झाले असतील. झाडाची पानं मिटली होती. समोरासमोरची दोन-दोन पानं एकमेकांना चिकटली होती, नमस्कार केल्यासारखी, आणि मघाशी जिथे हिरवं छप्पर होतं तिथून आभाळ दिसत होतं. आम्ही तिघं त्याच्याखालीच बसलो होतो आणि एकाही पानाला मिटताना आम्ही पाहिलं नव्हतं.

“पाचला मिटायची,” आंटी म्हणाल्या. “मग सरकारनं घड्याळ पुढं सरकवलं. झाडाला कुणी कळवलं नाही.”

बाबा इतके हसले की बाजूला मासे पकडणाऱ्या एका माणसाचा गळ रिकामा वर आला. त्यानं आमच्याकडे असं पाहिलं की तिथं मोठ्यात मोठा मासा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शुक्रवारी ग्रुप उतरला. मी रजा टाकून सोबत गेलो, म्हणजे बायकोनंच मला पाठवलं. पहिले दोन दिवस बाबांनी छत्री वर धरली, “चला चला” केलं, डोकी मोजली. सगळं नेहमीसारखं, म्हणजे सगळे दमलेले. एक निवृत्त न्यायाधीश होते, ते प्रत्येक ठिकाणी “हे आम्ही टीव्हीवर पाहिलंय” असा निकाल द्यायचे. एक काकू होत्या, त्यांना कुठेही गेलं तरी पुढच्या ठिकाणची खरेदी आठवायची. लोकल गाइड माइकवर इमारतींच्या उंचीचे आकडे सांगत होता आणि बस झोपली होती. शनिवारी संध्याकाळी बाबा सोफ्यावर बसून म्हणाले, “तीन दिवसांचे दोन गेले. कोणी हरवलं नाही. उद्याही हरवणार नाही. झालं.” पण त्यांचा चेहरा झालं म्हणणाऱ्याचा नव्हता.

रविवारी सकाळी हॉटेलसमोरच्या रेन ट्रीखाली त्यांनी बेचाळीस माणसं उभी केली. छत्री मिटलेली होती. आणि ते हळू बोलले.

“काय म्हणतायत?” मागची रांग पुढे सरकली. “ऐकू येत नाही. सरका.”

“याला पाच वाजताचं झाड म्हणतात,” बाबा म्हणाले. “का, ते आज संध्याकाळी कळेल.” आणि बसमध्ये जाऊन बसले. मोजलं नाही. मी मागे उभा राहून मोजलं.

त्या दिवशी ती बस झोपली नाही. न्यायाधीश म्हणाले, आमच्या सोसायटीत असली चार झाडं आहेत, पाच वाजता फक्त वॉचमन उठतो. काकू म्हणाल्या, चिकाचा वास येत असेल, माझ्या माहेरी एक होतं. सिंहापाशी फोटो काढताना, केबल कारमध्ये, दुपारच्या जेवणात, दोन पक्ष पडले: फुलतं आणि गळतं. बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मधे मधे दुसरे प्रश्न सोडत, त्यांची उत्तरं पुढच्या स्टॉपला देत. आणि मग खरेदीचे दोन तास आले. या दोन तासांत टूर मॅनेजर दोन वर्षांनी म्हातारा होतो. कोणी घड्याळात हरवतं, कोणी सुटकेसमध्ये. त्या रविवारी बेचाळीसच्या बेचाळीस माणसं दहा मिनिटं आधी बसपाशी हजर होती. आपल्यामागे उत्तर सांगून टाकतील, ही भीती. बाबा बसला टेकून उभे होते आणि माणसंच त्यांना मोजत होती.

पण सव्वासहाला, समुद्राकाठच्याच दुसऱ्या एका बागेत, तसल्याच झाडाखाली, मला घाम फुटला. साडेसहाला जेवण होतं. शेवटच्या दिवसाचं, श्रीखंड-पुरीचं. कंपनीच्या छापील कार्यक्रमात ते जाड अक्षरात असतं. आणि कार्यक्रमपत्रिकेत झाड कुठेच नव्हतं.

“अहो, पाच केव्हाच वाजून गेले,” न्यायाधीश म्हणाले.

“थांबा,” बाबा म्हणाले.

“पुऱ्या गार होतील,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि या एका वाक्यावर मराठी माणसांची मोठमोठी आंदोलनं मोडली आहेत. दोघं-तिघं बसकडे वळले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बाबांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं, छत्री अजून मिटलेलीच होती. आता छत्री वर करून “चला चला” म्हटलं असतं तर सगळं वेळेत झालं असतं आणि ऑफिसला विचारायला काही राहिलं नसतं. मी त्यांच्या कानाशी गेलो. “बाबा, जाऊ या. जेवण महत्त्वाचं.”

“जावईबापू,” ते पुटपुटले, “तुम्ही बसा जाऊन.”

आणि ते त्या बेचाळीस जणांना हळू आवाजात ओसाका सांगू लागले. स्वतःची चूक. टोपी घातलेला जपानी आणि किल्ल्यावर राहिलेले काका. वळलेले दोघं-तिघं परत आले, कारण ऐकू येत नव्हतं. काका ओल्या केसांनी हॉटेलात शिरले तिथपर्यंत गोष्ट आली तेव्हा सगळे हसत होते, आणि काकूंनी हसता हसता मान वर केली.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “आभाळ कुठून आलं?”

बेचाळीस मराठी माणसं, श्रीखंड वाट बघत असताना, चार मिनिटं गप्प उभी होती. मी घड्याळ लावून सांगतो. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एक आजी फांदीकडे बघून नकळत हात जोडून उभ्या राहिल्या. बाबासुद्धा वर बघत होते. बुधवारी पाहिलेलंच पुन्हा, तसंच तोंड उघडं ठेवून. आंटी तासभर दूर पासिर रिसच्या घरी होत्या, पण त्या झाडाखाली त्यांचाच आवाज होता असं मला वाटलं, आणि मी असं सहसा कुणाबद्दल बोलत नाही.

जेवायला पाऊण तास उशीर झाला. पुऱ्या गार होत्या. रात्री विमानतळावर माणसं बाबांच्या पाया पडली, मिठ्या मारल्या, न्यायाधीशांनी मराठीत, इंग्रजीत आणि संस्कृतात आभार मानले. अभिप्रायाचे फॉर्म बंद पाकिटात कंपनीकडे गेले.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर स्पीकरला लावला, बायकोनं आणि मी दोन बाजूंनी खुर्च्या ओढल्या. बाबांनी अर्धा तास टूर सांगितली. झाड सांगितलं, तळमजल्यावरची लग्नं सांगितली, पाऊण तासाचा उशीर आपणहून सांगितला आणि का झाला तेही. तिकडून फक्त कीबोर्डचा आवाज येत होता. शेवटी बाबांना सांगायला काही उरलं नाही आणि त्यांनी विचारलं, “मग, फॉर्म वाचले का तुम्ही?”

“वाचले,” बाई म्हणाल्या. “तक्रारी दोन आल्यात, दोन्ही जेवणाच्या. इतरांच्या टूरला सात-आठ येतात. पासपोर्टची मुदत बघून ठेवा.”